नकाशात नसलेली विहीर

मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी सांडोरला येऊन पाहा. आमच्या सेंट थॉमस चर्चमधली मिस्सा आटोपून माणसे पायी घरी निघालेली असतात आणि त्याच सुमाराला वसई स्टेशनच्या बाजूने मुंबईकरांच्या गाड्या समुद्राच्या दिशेने लागलेल्या असतात. गाडीत सहा माणसे, मागे पातेली, वर गाणी. रस्त्यात थांबून पत्ता विचारतात. रानगाव, भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा, कुठलेही चालते; फक्त रिसॉर्टमध्ये पोहण्याचा तलाव हवा. समुद्राला भेटायला आलेल्या माणसाला पोहायला सिमेंटची टाकी का लागते, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही. असो.

तोच रस्ता जुलैतल्या रविवारी पाहावा. सुरूची बाग ओलीचिंब, समुद्र गढूळ आणि खवळलेला. रिसॉर्टच्या फाटकाला साखळी, आत एखादा राखणदार. मेमध्ये तिथे ताटे वाढणारी, चादरी धुणारी बाई जुलैत पुन्हा कुणाच्या तरी भातलावणीला जाते. लावणी करण्याएवढे शेत उरले असेल तर. पावसाळा सोडून उरलेले शनिवार-रविवार, मे महिन्याची सुट्टी, धुळवड, नाताळ आणि ३१ डिसेंबर असा सगळा हिशेब केला, तर हा धंदा वर्षातून शंभर-सव्वाशे दिवसांचा. बाकीचे दिवस किनारा आमचा असतो आणि तेव्हा त्याची चौकशी करायला कुणी येत नाही.

हे सगळे मी एरवी लिहिले नसते. पण गेल्या वर्षी भुईगावच्या माझ्या मामांकडे एक दलाल आला. मामांची वाडी २२ गुंठ्यांची. केळी, थोडी पानवेल, बांधावर नारळ आणि चाफा, मध्ये विहीर. दलालाचे म्हणणे सोपे होते. शेजारच्या दोन वाड्या धरून एकराच्या वर जागा होते, ती १५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्या. खोल्या, तलाव, हॉल सगळे आम्ही बांधतो, तुम्ही फक्त सही करा. मामेभावाला ते पटले. मामांनी मला बोलावून घेतले, कारण मी शिकलेला आणि पेपरात लिहिणारा. मी हरित पट्ट्याबद्दल बोलू लागलो तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "हिरवा रंग तुमच्या नकाशात आहे, बाबा. तो रंग ठेवल्याबद्दल मला कोण काय देतं?"

मला उत्तर देता आले नाही. आमच्या तालुक्याच्या नियोजनातले सारे अपयश त्या एका प्रश्नात आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

वसईत नकाशांचा तुटवडा कधीच नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथली शेतजमीन इमारतींना खुली होऊ लागली. १९९० साली सिडकोला वसई-विरारचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. आराखड्याला शासनाची मंजुरी मिळाली ती फेब्रुवारी २००७ मध्ये. मधल्या १७ वर्षांत इमारती आराखड्यासाठी थांबल्या नाहीत, हे पश्चिम रेल्वेच्या खिडकीतून पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. २००९ साली ४ नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. गावांना ती नको होती. आंदोलने झाली, २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. पुढे २०१६ साली मुंबई महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा आला आणि वसईकर पुन्हा हरकतींचे अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले. जो काही हिरवा पट्टा आज शिल्लक आहे, तो हरित वसई संरक्षण समितीने आणि तिचे नेतृत्व करणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी रस्त्यावर उतरून राखलेला आहे. फादर जुलै २०२४ मध्ये गेले. त्यांच्या मोर्चांत आमच्या घरातली माणसे चाललेली आहेत, मामाही चाललेले आहेत. म्हणून मामांच्या तोंडचा तो प्रश्न मला जास्त लागला.

चळवळीने हिरवा रंग राखला. त्या रंगावर जगायचे कसे, हे मात्र नियोजन करणाऱ्यांनी सांगायला हवे होते. त्यांनी रंग भरले आणि पेटी बंद केली.

किनाऱ्याचा कायदा घ्या. फेब्रुवारी १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, हा तिचा गाभा. २०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात पर्यटकांसाठी हॉटेल वा रिसॉर्ट चालेल, पण अटींवर: भूखंड ०.४ हेक्टरपेक्षा लहान नसावा, सगळ्या मजल्यांचे मिळून बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांवर जाऊ नये, उंची ९ मीटरच्या आत, मजले दोन. वाचताना किती शहाणपणाचे वाटते! पण ०.४ हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर, ४० गुंठे. वसईच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या भावाभावांत वाटल्या गेलेल्या. दहा, पंधरा, वीस गुंठ्यांच्या. म्हणजे ज्याचा किनारा, त्याला कायद्याने स्वतःच्या जागेत पाहुण्यांसाठी काही उभारता येत नाही आणि जो तीन-चार वाड्या एकत्र करू शकतो त्या बाहेरच्या भांडवलवाल्याला येते. स्थानिक माणसाने बेकायदा बांधावे किंवा जमीन द्यावी, एवढेच उरते. पर्यावरणासाठी केलेली अट दलालाच्या हातातले हत्यार झाली. मामांकडे आलेल्या त्या गृहस्थाला एकराचा आकडा तोंडपाठ होता, तो उगाच नव्हे.

आता विहिरीकडे येतो, कारण खरा पेच तिथे आहे.

वसईची वाडी पाण्यावर उभी आहे. आमच्या पूर्वजांनी बावखले खणली. पावसाचे पाणी त्या डबक्यावजा तळ्यांत साठायचे, जमिनीत मुरायचे आणि उन्हाळ्यात विहिरींना धीर द्यायचे. विहिरींवर रहाट फिरत. रहाटाची एक खोड होती: बैल थकला की उपसा थांबायचा. मोटर थकत नाही. नव्वदच्या दशकात याच वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने नव्या इमारतींना विकले जाऊ लागले, त्यावरून गावोगाव भांडणे झाली. अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली.

भूजलाची पाठ्यपुस्तके एक साधी गोष्ट सांगतात. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फूट गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ भीतिदायक आहे. उपसा करून ती पातळी १ फुटाने कायमची उतरवली, तर खालचे खारे पाणी हळूहळू ४० फूट वर येऊ पाहते. एकदा खारावलेली विहीर एका पावसाळ्यात गोडी होत नाही. केळीला हे आपल्याआधी कळते. तिच्या पानांच्या कडा करपू लागतात.

आणि गर्दी कधी असते? मेमध्ये. विहिरीला सगळ्यांत कमी पाणी कधी असते? मेमध्येच. २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा मध्यम तलाव धरला, तर तो एकदा भरायला अडीच लाख लिटर पाणी लागते. १० हजार लिटरचे २५ टँकर. ज्या आठवड्यात मामा केळीला एक पाळी द्यावी की दोन याचा विचार करतात, त्याच आठवड्यात शेजारी २५ टँकर निळ्या फरशीवर ओतले जातात. पाहुणा वाईट नाही. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! पण परवाना देणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

गंमत अशी की १९९१ च्या मूळ अधिसूचनेला हे ठाऊक होते. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी आणि २०० ते ५०० मीटरमध्ये पिण्यासाठी, शेतीबागायतीसाठी, मासेमारीसाठी साध्या विहिरीतून हाताने काढलेले पाणी तेवढे चालेल, असे तिच्यात होते. अक्षरशः पाहिले तर त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याची मोटरही गुन्हेगार ठरली असती. इतका कडक नियम असला की तो कुणालाच लागू होत नाही. आमच्याकडे तसेच झाले. पुढे २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी २०० मीटरची मर्यादा ५० मीटरवर आणण्याची सोय २०१९ च्या अधिसूचनेत झाली. रेषा मागेपुढे सरकत राहिली. जमिनीखालची दुसरी रेषा, गोड्या आणि खाऱ्या पाण्यामधली, कुठल्याच नकाशात आली नाही.

माझा आग्रह एवढाच आहे, की हंगामी गावाचे नियोजन ऋतूंच्या हिशेबाने करावे. नकाशात जागा कुठे ते दिसते, केव्हा ते दिसत नाही. हे काही अवघड नाही. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक हंगामापुरते उभे राहतात आणि पावसाळ्यापूर्वी उतरवले जातात. तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही, पण परवाना काळाला बांधलेला असतो ही कल्पना तिथे रुजली आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२० साली शॅकचे धोरण आणले: ८ किनारे, प्रत्येक किनाऱ्यावर १०, सकाळी ७ ते संध्याकाळी ७, आणि ८० टक्के स्थानिकांना. आमच्या पालघर जिल्ह्यातून केळवे आणि बोर्डी निवडले गेले. वसईचा एकही किनारा त्यात नाही. आणि शॅकला तलाव लागत नाही!

बोर्डीचे नाव निघाले म्हणून शेजारच्या डहाणूचेही सांगतो. १९९१ सालीच डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण बसले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी वर्षानुवर्षे त्याचे काम पाहिले. त्यामुळे तिथल्या चिकूच्या बागा बऱ्याच टिकल्या, आणि बोर्डीला जाणारा माणूस आजही बागेतल्या घरात उतरतो, चिकू खातो आणि जाताना पेटी घेऊन जातो. त्याच्या खर्चातला बराचसा पैसा बागेतच राहतो. याच डहाणूच्या किनाऱ्यावर आता वाढवण बंदर होत आहे, २०२४ मध्ये त्याची पायाभरणीही झाली. तेव्हा अधिसूचना म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही खरे. तरी दरम्यानची ३० वर्षे त्या बागांना मिळाली. वसईला मिळाली नाहीत.

नव्या किनारा अधिसूचनेतले एक कलम मात्र आमच्या कामाचे आहे. स्थानिक रहिवाशांनी आपल्या राहत्या घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवायला ती मुभा देते. एकराची अट नाही, दलाल नाही. दोन खोल्या, आईच्या हातचे जेवण, सुकेळी, सकाळी वाडीत फेरफटका. महापालिकेने आणि पर्यटन खात्याने या कलमाचा एक साधा मराठी अर्ज करून दिला, अशा घरांना रिसॉर्टपेक्षा हलका कर लावला आणि रिसॉर्टचा परवाना दरवर्षी मेमधल्या विहिरींच्या पातळीशी जोडला, तर मामांच्या प्रश्नाला निदान उत्तराची सुरुवात तरी होईल. गावातल्या चार-पाच ठरावीक विहिरींचे पाणी दर पंधरवड्याला मोजायचे आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या जुन्या फळ्यावर किंवा प्रभाग कार्यालयात लावायचे. पातळी खाली गेली की त्या महिन्यात तलाव कोरडे. त्याला विशेष प्राधिकरण लागत नाही. दोरी लागते.

याला विरोध होईल, आणि तो केवळ धनदांडग्यांचा नसेल. रिसॉर्टवर आज कितीतरी रिक्षावाल्यांची, वाढप्यांची, भाजीवाल्यांची चूल पेटते. माझ्या ओळखीतली तिथे काम करणारी मुले मला म्हणतील, तुमचे पेन्शन आहे, तुम्ही विहिरी मोजत बसा. त्यांचे चुकत नाही. पण पंधरा वर्षांचा भाडेपट्टा संपेल तेव्हा रिसॉर्टवाला दुसऱ्या किनाऱ्यावर गेलेला असेल आणि खारे पाणी या मुलांच्या वाट्याला आलेले असेल. तेव्हा चूल कशावर पेटवायची, हे त्यांनी आताच विचारावे असे मला वाटते.

मामांनी अजून सही केलेली नाही. नाही म्हटलेलेही नाही. मामेभाऊ नाराज आहे, जेवताना बोलत नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा मामांनी विहिरीत सोडायच्या दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारून ठेवल्या होत्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर रविवारच्या चौकटीत ओल्या गाठींचा आकडा लिहिला होता. शेवटच्या रविवारी पाच होत्या. दलाल पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे. येताना ते घरगुती पाहुण्यांचे कलम मराठीत लिहून आण, असे मामांनी मला सांगितले आहे. मोठ्या अक्षरात, म्हणाले. ते पोराला वाचायचे आहे.