बोनाफाईड साहेब कुठे बसतात?

दिवाळी अंक हातात घेऊन आरामखुर्चीत पहुडलेल्या वाचकाला उपदेश करू नये, एवढे आम्हां मास्तर मंडळींनाही कळते. चकलीच्या ताटलीत कारल्याची फोड कोणाला रुचेल? तरीसुद्धा या खेपेस मी आपल्याला थोडे काम सांगणार आहे. काम तीन रविवारांचे आहे, त्याला पैसा जवळजवळ लागत नाही, आणि त्याचा खरा मुहूर्त दिवाळीच्या सुट्टीचाच आहे.

कॉलेज उघडते त्या दिवसांत आमच्या ऑफिसच्या खिडकीपाशी दोन तऱ्हेची मुले दिसतात. एका तऱ्हेच्या मुलाच्या हातात नीटनेटकी फाईल असते, तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती असतात, आणि पाठीशी वडील किंवा याच कॉलेजातून बाहेर पडलेली ताई उभी असते. दुसऱ्या तऱ्हेचा मुलगा एकटाच येतो. त्याचे कागद किराणा दुकानाच्या पिशवीत असतात. आणि खिडकीतून काय विचारतील या धास्तीने तो आपला नंबर आला की मागच्याला पुढे जाऊ देतो. अशाच एकाने एकदा मला व्हरांड्यात गाठून मोठ्या अदबीने विचारले, "सर, बोनाफाईड साहेब कुठे बसतात?"

कारकुनाने त्याला सांगितले होते, "आधी बोनाफाईडचं बघ, मग इकडे ये." बिचाऱ्याने दोन्ही मजल्यांवरच्या पाट्या वाचून काढल्या होत्या. आपण या कॉलेजचे विद्यार्थी आहोत असा जो एक चतकोर कागद कॉलेज देते, त्यालाच बोनाफाईड म्हणतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मराठीचा अध्यापक म्हणून मी छातीवर हात ठेवून सांगतो, की कारकुनाच्या वाक्याचा त्याने लावलेला अर्थ व्याकरणाला धरून होता.

हा मुलगा बुद्धीने कमी होता असे कोणी समजू नये. दहावीला त्याला ऐंशीच्या वर टक्के होते. उणीव एवढीच, की त्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले पूर्वी कोणी नव्हते.

आपल्या पांढरपेशा घरांतून मुलांना वारसा मिळतो तो केवळ ब्लॉकचा आणि आजीच्या पाटल्यांचा नव्हे. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. इस्टेट म्हणावी असे त्यांनी काही ठेवले नाही. पण फॉर्म भरण्याची कला मात्र आमच्याकडे वंशपरंपरागत आहे. "सही चौकटीबाहेर जाऊ देऊ नकोस", "अस्सल कागद देऊ नकोस, फक्त दाखव", "पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस", "साहेब जेवायला गेले असतील तर तीनला पुन्हा जा" ही सुभाषिते मी परवच्याबरोबर पाठ केली. एटीकेटी, टी. सी., मायग्रेशन, स्वयंसाक्षांकित प्रत हे शब्द जेवताना कानांवर पडत. ज्या घरात ते पडत नाहीत, त्या घरच्या मुलाला कॉलेजच्या पहिल्या वर्षी अभ्यासक्रमात नसलेली एक निराळीच भाषा शिकावी लागते, आणि तिचा तास कोणी घेत नाही.

आपल्याकडच्या थोर माणसांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण ऐकले असेलच. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते 'कमवा आणि शिका' ही योजना बरोबर घेऊनच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, आणि १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे कॉलेज काढले ते पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आले. या मंडळींनी नुसते वर्ग बांधून समाधान मानले नाही. पहिल्यांदाच शिकायला आलेल्या मुलाला अंथरूण लागते, ताट लागते आणि अडेल तेथे विचारायला माणूस लागतो, हे त्यांना ठाऊक होते. आज वर्ग पुष्कळ झाले, शिष्यवृत्त्याही झाल्या. विचारायच्या माणसाची टंचाई मात्र आहे.

या टंचाईने काय होते ते सांगतो. आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करणाऱ्या मावशींची मुलगी २०२५ साली दहावी झाली. त्याच वर्षी अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने सुरू झाले. तोवर ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांपुरती होती. पद्धत तत्त्वाने चांगली आहे. गुणांप्रमाणे यादी लागते, कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही. अर्जाच्या पहिल्या भागात स्वतःची माहिती भरायची, दुसऱ्या भागात पसंतीच्या क्रमाने दहापर्यंत कॉलेजे. पण त्यात एक मेख होती: पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घेतलाच पाहिजे; न घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद.

मुलीने अर्ज भरला तो नाक्यावरच्या नेट कॅफेत. कॅफेवाला म्हणाला, "मोठं नाव वर टाक." तिने टाकले. ते कॉलेज दोन बसगाड्या बदलून जावे इतके लांब. शिवाय एकाच कॉलेजात अनुदानित आणि स्वयंअर्थसाहाय्यित अशा दोन तुकड्या असतात, त्यांचे सांकेतिक क्रमांक वेगळे आणि फीही वेगळी, हे त्या दोघांनाही माहीत नव्हते. पहिल्याच यादीत नाव लागले. मावशींनी चारही घरी पेढे वाटले. मग फीचा आकडा कळला आणि घरात बोलणे बंद झाले.

"सर, पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं म्हणून पेढे वाटले हो आम्ही," मावशी मला सांगत होत्या, "आणि आता पोर म्हणते, आई, ते पेढे परत घेता येतात का गं?"

ही हकीकत माझ्यापर्यंत आली तेव्हा प्रवेशाची मुदत टळून दोन दिवस झाले होते. मुदतीचा संदेशही त्यांना मिळाला नव्हता, कारण अर्जावर मोबाईलचा नंबर कॅफेवाल्याचा होता! मधल्या आठवड्यांत एका नातलगाने कापडाच्या दुकानात दिवसभर उभे राहण्याची नोकरी आणली. मुलगी हुशार आहे, दिसायला चुणचुणीत आहे, घराला हातभार लागेल. वाईट हेतूने बोलणारे त्या घरात कोणीच नव्हते. अखेर सर्वांसाठी खुल्या झालेल्या फेरीत चालत जाण्याच्या अंतरावरचे अनुदानित कॉलेज तिला मिळाले. तोवर तिकडे वर्ग सुरू होऊन भौतिकशास्त्राचे दोन धडे संपले होते. ती शिकते आहे. पण ती फेरी आणखी पंधरा दिवस लांबली असती, तर दुकानाचा पहिला पगार घरात आला असता. आणि एकदा घरात आलेला पगार सोडून कॉलेजात जाणे किती अवघड, हे ज्यांच्या घरी पगार पुरतो त्यांना सहसा कळत नाही.

हे सारे टाळायला काय लागले असते? तीन रविवार. तेच मी आपल्याकडे मागतो आहे. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, इमारतीचे वॉचमन, इस्त्रीवाले, भाजीवाले, यांच्यापैकी कोणाचे तरी मूल यंदा दहावीला किंवा बारावीला असेल. आणि दिवाळी एवढ्यासाठी, की जूनला लागणारे दाखले जूनमध्ये मागू गेले तर तिथे सारे गाव उभे असते.

पहिला रविवार नावाचा. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर मुलाचे नाव एकच आहे का, ते अक्षर न् अक्षर ताडून पाहा. वर्गात मी सुनिता आणि सुनीता यांवरून रागावलो तर मुले हसतात. पण ऱ्हस्व-दीर्घाची खरी जरब माझ्यापाशी नाही, ती सरकारी संगणकापाशी आहे. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. नावात फरक पडला की ती मध्येच अडकते. खाते नसेल तर आत्ताच उघडून द्या.

दुसरा रविवार दाखल्यांचा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. जातीचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर आणि अधिवासाचा दाखला, हे सारे अर्ज 'आपले सरकार' सेवा केंद्रात करता येतात. लोक त्याला अजून सेतूच म्हणतात. जातीच्या दाखल्याला वडील-आजोबांचे जुने कागद लागतात आणि ते बहुधा गावी असतात. दिवाळीला गावी जाणाऱ्या कुटुंबाला "येताना आजोबांच्या शाळेचा दाखला काढून आणा" एवढे आठवणीने सांगितले, तरी निम्मे काम झाले. व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज विज्ञान शाखेच्या मुलांना बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करता येतो.

याच बैठकीत सवलतीही सांगा. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर निरनिराळ्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरतात. २०२४ सालापासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतल्या मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. "इंजिनिअरिंग आपल्यासारख्यांचं नव्हे" असे म्हणून मुलगी आधीच दुसरीकडे वळू नये, म्हणून हे तिच्या वडिलांच्या कानांवर घालणे फार अगत्याचे. शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी पुन्हा करावा लागतो, हेही बजावा. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे मिळतच राहणार अशा समजुतीत राहून दुसऱ्या वर्षी ती गमावलेली मुले मी पाहिली आहेत.

तिसरा रविवार पायांचा. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना घेऊन जवळची दोन-तीन कॉलेजे प्रत्यक्ष पाहून या. बस कोठे थांबते, भाडे किती, तुकडी अनुदानित आहे की नाही, ग्रंथालय केव्हा उघडते, हे विचारून एका वहीत लिहा. आईवडिलांना नेण्याचे कारण आहे. ही माणसे पुष्कळदा फाटकाबाहेरच थांबतात. एका वडिलांनी आमच्या ऑफिसच्या दाराशी चपला काढल्या होत्या, मीच त्यांना त्या पुन्हा घालायला सांगितल्या. ज्या वास्तूत आपण कधी पाऊल ठेवले नाही, तिथे मुलीला सकाळी सातला धाडायचे म्हणजे जीव धास्तावणारच. एकदा आत येऊन बाक, फळा, नळ आणि मुलींची खोली पाहिली, की निम्मी शंका फिटते.

पुढे कॉलेज सुरू झाले, की मराठी माध्यमातून विज्ञान शाखेत गेलेली मुले पहिल्या महिन्यात घाबरतात. त्यांना वाटते, आपल्याला काहीच येत नाही. मी त्यांना म्हणतो, त्वरण तुला येते ना? तेच ॲक्सिलरेशन. संवेग येतो ना? तोच मोमेंटम. गाव तेच आहे, नुसती पाटी बदलली. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने पाडून रोज दहा शब्द लिहायला सांगा. दोन-तीन महिन्यांत भीती पुष्कळ ओसरते. आणि शंका विचारणे हा उर्मटपणा नव्हे, प्राध्यापकाला त्यासाठीच पगार मिळतो, हे मुलाला आपण सांगा. आम्ही सांगितले तर त्याला खरे वाटत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. फॉर्म मुलाच्या हातानेच भरू द्या. आपण शेजारी बसा. मोबाईल नंबर त्याच्या घरचा, पासवर्ड त्याच्या वहीत. कोणत्या शाखेला जायचे तेही त्यालाच ठरवू द्या. आपल्या चिरंजीवांना जे जमले नाही ते मावशींच्या मुलाकडून करवून घेण्याचा मोह होतो, तो आवरावा. उपकाराची भाषा तर नकोच. आपल्या वडिलांनी आपल्याला सांगितलेले चार शब्द आपण पुढे सांगतो आहोत, एवढेच.

तो बोनाफाईडवाला मुलगा पुढे बी. ए. झाला. हल्ली प्रवेशाच्या दिवसांत तो कधी कधी कॉलेजात येतो, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसतो आणि पिशवीतून कागद काढणाऱ्या मुलांना हाक मारून विचारतो, "काय अडलंय रे?"

तेव्हा फराळाचे ताट मावशींच्या हाती देताना यंदा एवढे विचारा, की मूल कितवीला आहे. उत्तर दहावी किंवा बारावी असे आले, तर पुढचा रविवार मोकळा ठेवा.