जपायचे ते काय? उत्तनची प्रबोधिनी आणि रेगन यांचा मळा

भाईंदर पश्चिमेहून निघालेला रस्ता मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावे मागे टाकीत उत्तनला पोहोचतो. दोन्ही बाजूंना क्रूस, जुनी चर्चे, वाळत घातलेले बोंबील आणि दर्याला लागलेल्या होड्या. याच परिसरात गोराईच्या रस्त्यावर केशवसृष्टी आहे. डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या या विस्तीर्ण आवारात शेती, गोशाळा, वनौषधी, निवासी शाळा आणि रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी ही राजकीय-सामाजिक प्रशिक्षण देणारी संस्था आहे. मीरा रोडच्या इमारतींत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ही पाटी येता-जाता पाहिली असेल. आत काय चालते, याचा विचार मात्र आपण फारसा केलेला नाही.

अमेरिकेत या संस्थेचे एक दूरचे भावंड शोभावे असे स्थळ आहे. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा शहरानजीकच्या डोंगरमाथ्यावर रोनाल्ड रेगन यांचा ‘रांचो देल सिएलो’ नावाचा ६८८ एकरांचा मळा आहे. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘आकाशातला मळा’. गव्हर्नरपदाची कारकीर्द संपत आली असताना, १९७४ साली त्यांनी तो घेतला. घर अगदी साधे, एकोणिसाव्या शतकातले, कच्च्या विटांचे. टेलिफोनच्या जुन्या खांबांचे कुंपण रेगन यांनी स्वतः घातले. लाकडे फोडणे आणि घोड्यावर रपेट करणे हा त्यांचा तेथील दिनक्रम. १९८३ साली भर पावसात राणी एलिझाबेथ येथे आल्या, १९९२ साली गोर्बाचेव्ह आले.

खरी गोष्ट पुढची आहे. १९९८ साली हा मळा ‘यंग अमेरिकाज फाउंडेशन’ या परंपरावादी विचारांच्या युवासंस्थेने विकत घेतला. मळा सर्वसामान्य पर्यटकांसाठी खुला नाही. तेथे नेतात ते विद्यार्थ्यांना आणि हितचिंतकांना. तरुणांनी ते लहानसे घर पाहावे, ते कुंपण पाहावे आणि एका विचाराचे वारसदार म्हणून परतावे, ही त्यामागची योजना. डोंगराच्या पायथ्याशी, सांता बार्बरा शहरात, २००६ साली याच कार्यासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. माणसाचे घर हे विचाराचे विद्यालय झाले.

उत्तनची कथा याच जातीची आहे. फरक इतकाच, की येथे घर नाही, नाव आहे. रामभाऊ म्हाळगी १९५७ साली मावळमधून जनसंघाचे आमदार झाले आणि पुढे १९७७ व १९८० साली ठाण्यातून लोकसभेवर गेले. आपण वर्षभरात काय केले, याचा लेखी अहवाल ते दरवर्षी मतदारांपुढे ठेवीत. मतभेद बाजूला ठेवून त्यांच्या या प्रथेला मान द्यायलाच हवा. १९८२ साली त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी स्थापन झाली. उभारणीत प्रमोद महाजन यांचा पुढाकार होता. पुढे विनय सहस्रबुद्धे यांनी दीर्घकाळ तिची धुरा वाहिली. लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्ते यांची निवासी शिबिरे येथे भरतात. २०१७ पासून राजकारण व प्रशासन या विषयांचा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रमही चालतो. संस्था आपले दरवाजे सर्व पक्षांना खुले असल्याचे सांगते. तिची वैचारिक कूस मात्र कोणती आहे, हे कोणी लपवलेले नाही.

येथे शब्दाची एक अडचण येते. अशा राजकारणाला आपण मराठीत ‘पुराणमतवादी’ म्हणतो, तेव्हा त्यात थोडी कुचेष्टा असते. ‘उजवे’ म्हटले, की केवळ दिशा कळते. खरे तर या विचाराचा गाभा ‘जपणे’ या साध्या क्रियापदात आहे. जुने, अनुभवाने सिद्ध झालेले ते सहजासहजी मोडू नये, ही त्याची भूमिका. कुटुंब, श्रद्धा, वाडवडिलांची रीत यांविषयी आस्था असलेल्या कॅथलिक माणसाला ती परकी वाटत नाही. गर्भपाताला विरोध, विवाहसंस्थेचा आदर हे आपलेही विषय आहेत. म्हणूनच आपल्या धर्मग्रामांतील कित्येकांना अमेरिकेतील परंपरावाद्यांविषयी जवळीक वाटते. रेगन यांच्याविषयी तर विशेषच, कारण १९८४ साली व्हॅटिकनशी पूर्ण राजनैतिक संबंध त्यांच्याच कारकिर्दीत प्रस्थापित झाले आणि पोलंडमधील कामगारांच्या लढ्याला त्यांनी व पोप जॉन पॉल दुसरे यांनी बळ दिले.

परंतु जपायचे ते काय, हा प्रश्न विचारला की वाटा फुटतात.

१९८१ चा ऑगस्ट महिना पाहा. ५ तारखेला रेगन यांनी संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना कामावरून काढून टाकले. १३ तारखेला त्या डोंगरावरच्या मळ्यात, दाट धुक्यात बसून त्यांनी करकपातीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. सर्वोच्च प्राप्तिकराचा दर ७० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आला. त्यानंतर सुमारे महिनाभराने, १४ सप्टेंबरला, पोप जॉन पॉल दुसरे यांचे मानवी श्रमावरील ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. भांडवलापेक्षा श्रमाला अग्रक्रम आहे आणि संघटना करणे हा कामगाराचा हक्क आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे. पोलंडमधील संघटनेला दोघांचाही आशीर्वाद होता. घरच्या संघटनेविषयी मात्र रेगन यांची भूमिका निराळी ठरली. मळ्याला भेट देणाऱ्या कॅथलिक तरुणाने त्या लाकडी कुंपणापाशी उभे राहून ही दोन कागदपत्रे शेजारी-शेजारी वाचली पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

हा ताण आजही ओसरलेला नाही. २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक अधिकार रद्द केला, तेव्हा तेथील ख्रिस्तसभेने त्याचे स्वागत केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्थलांतरितांच्या सामूहिक हकालपट्टीविषयी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या महागुरुस्वामींना चिंतेचे पत्र लिहिले, तेव्हा त्याच परंपरावाद्यांपैकी अनेकांना ते रुचले नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या अमेरिकन पोपनी लिओ हे नाव घेतले, ते १८९१ साली कामगारांच्या हक्कांची बाजू मांडणाऱ्या तेराव्या लिओंचे स्मरण करून.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक जवळून भिडतो. जे जपायचे त्याची व्याख्या येथे ‘संस्कृती’ या शब्दाने होते आणि त्या संस्कृतीत उत्तनच्या कोळ्याचा क्रूस बसतो की नाही, याचे उत्तर कोण देणार यावर सारे अवलंबून असते. १९६७ साली ओडिशात पहिला धर्मांतरविरोधी कायदा झाला, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांना वैध ठरवले आणि तेव्हापासून त्यांची संख्या वाढतच गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानेही अशा कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच वर्षी जुलैमध्ये छत्तीसगडमधील दुर्ग स्थानकावर केरळच्या दोन धर्मभगिनींना अटक झाली आणि जामीन मिळेपर्यंत त्यांना तुरुंगात राहावे लागले. खुद्द मीरा रोडने जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतील सोहळ्याच्या आदल्या रात्री उसळलेला हिंसाचार आणि त्यामागून आलेला बुलडोझर पाहिला आहे. धर्मस्वातंत्र्याविषयीची व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची घोषणा कोणा एका धर्माच्या सोयीसाठी नव्हती. नया नगरच्या मुसलमान शेजाऱ्यालाही ती तितकीच लागू आहे.

आता धारावी बेटाकडे पाहू. गोराई-उत्तनच्या जमिनीवर विशेष आर्थिक क्षेत्र आणण्याचा घाट घातला गेला, तेव्हा राज्यात व केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकारे होती. धावगी डोंगरावर शहराचा कचरा आला आणि त्याला लागणाऱ्या आगींचा धूर गावकऱ्यांच्या घरांत शिरला, तेव्हा महापालिकेत वेगवेगळ्या पक्षांच्या सत्ता येऊन गेल्या होत्या. मेट्रो ९ ची कारशेड राई-मुर्ध्याच्या विरोधानंतर डोंगरीला सरकली आणि तिच्यासाठी बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला. उत्तन-विरार सागरी सेतू आखला गेला. गावठाण, खारफुटी, मासळी सुकवण्याची जागा, बोलीभाषा, होडीचा आशीर्वाद या सगळ्यांहून जुने आणि जपण्याजोगे या किनाऱ्यावर दुसरे काय आहे? परंतु उजवे असोत वा मधले, कोणाच्याच जपण्याच्या यादीत हे ठळकपणे दिसत नाही.

खाडीपलीकडे वसईत हे कोणी केलेच नाही, असे नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईच्या चळवळीतून विहिरी, वाड्या आणि शेती यांच्या बाजूने उभे राहून बिल्डर व गुंडगिरी यांच्याशी सामना केला. आमच्या मते, त्या शब्दाच्या चांगल्या अर्थाने, ते खरे परंपरावादी राजकारण होते. मात्र त्या चळवळीचे विद्यालय झाले नाही. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये निवर्तले. त्यांच्यामागे त्यांची पुस्तके आहेत, पण तरुणांना नगर नियोजनाचा आराखडा वाचायला, हरकत लिहायला, सभागृहात बोलायला शिकवणारी नऊ महिन्यांची शाळा नाही.

आपल्यातून उमेदवार निघत नाहीत असेही नाही. २००९ साली मीरा-भाईंदरचे पहिले आमदार गिल्बर्ट मेंडोन्साच होते. परंतु उमेदवार असणे वेगळे आणि कार्यकर्त्यांची पिढी घडवणे वेगळे. प्रबोधिनीचा विचार ज्यांना मान्य नाही, त्यांनीही तिची चिकाटी मान्य करावी. कॅथलिक सामाजिक शिकवणीचा सव्वाशे वर्षांहून अधिक जुना साठा आपल्यापाशी आहे. लग्नाच्या तयारीचे वर्ग आपण भरवतो. सार्वजनिक जीवनाच्या तयारीचे मात्र नाही. धर्मग्रामाचे सभागृह आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी रिकामे असते.

२०१७ नंतर मीरा-भाईंदर महापालिकेची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार होता. आता प्रत्येक प्रभागाला नगरसेवक आहेत. त्यांपैकी ज्यांच्या पक्षाला म्हाळगींचा वारसा सांगायचा आहे, त्यांच्याकडे आणि इतरांकडेही, डोंगरीच्या झाडांविषयी व धावगीच्या कचऱ्याविषयी वर्षअखेरीस लेखी अहवाल मागायला कोणत्याही विचारसरणीची परवानगी लागत नाही.