कार्बन फायबरचा हिशेब युनिटमागे मांडा

भारताची पवनऊर्जेची स्थापित क्षमता २०२५ मध्ये ५० गिगावॅटच्या पुढे गेली. पण सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पहिल्या लाटेत उभारलेल्या, जेमतेम साडेतीनशे किलोवॅटच्या कितीतरी पवनचक्क्या राज्यातली एक उत्तम वाऱ्याची जागा अडवून बसल्या आहेत. आज ३ मेगावॅटचे एकेक यंत्र मिळते. जुनी यंत्रे बदलण्याचे केंद्राचे सुधारित धोरण २०२३ मध्ये आले, काम मात्र रखडतच चालले आहे. या बदलाला लांब पाती लागतील. त्यांतले कार्बन फायबर म्हणजे न परवडणारी चैन, ही समजूत तपासून पाहायला हवी.

पात्याची लांबी दुप्पट केली की ते चौपट क्षेत्रातला वारा पकडते, पण घडण तीच ठेवली तर वजन आठपटीकडे जाते. शिवाय जोराच्या वाऱ्यात लांब पाते मागे वाकून मनोऱ्यावर आदळण्याचा धोका असतो. म्हणून बुंध्यापासून टोकाकडे त्याच्या पोटातून जाणारा कणा ताठ हवा. कार्बनचा तंतू काचतंतूपेक्षा सुमारे तिप्पट ताठ आणि वजनाला हलका असतो. तो वापरायचा फक्त या कण्यात. बाकीचे पाते काचतंतू आणि राळेचेच. पाते हलके झाले की बेअरिंगपासून पायापर्यंत सगळ्यांवरचा भार उतरतो. त्यामुळे किलोचा भाव पाहून नाक मुरडण्यात अर्थ नाही; पाते आयुष्यभरात किती युनिट वीज देईल, त्यावर त्याची किंमत ठरावी. कार्बनच्या तयार पट्ट्यांपासून कणा रचण्याच्या पद्धतीचे व्हेस्टास या पवनचक्की कंपनीचे मूळ पेटंटही २०२२ मध्ये संपले आहे, त्यामुळे ती पद्धत इतरांनाही खुली आहे.

मध्यम लांबीच्या पात्याचे काचतंतूवर भागते, हे खरेच. तिथे कार्बनचा हट्ट नको. कार्बन वीजवाहक असल्याने आकाशातल्या विजेपासून संरक्षणाची रचना काटेकोर लागते, पण ते तंत्र उपलब्ध आहे. लांब पाती घाटरस्त्याने वर नेता येणार नाहीत, हा आक्षेप अधिक खरा, कारण कार्बनने वजन घटते, लांबी नाही. त्यासाठी वळणे रुंद करावी लागतील किंवा दोन तुकड्यांत जोडायची पाती घ्यावी लागतील. सर्वांत वजनदार आक्षेप विल्हेवाटीचा. घट्ट झालेली इपॉक्सी राळ पुन्हा वितळत नाही आणि अमेरिकेत जुनी पाती जमिनीत पुरली गेली. मात्र पुरलेल्या त्या पात्यांत काचतंतूचीच भरपूर होती, म्हणजे हा दोष एकट्या कार्बनचा नव्हे. उलट महाग तंतू परत मिळवण्यात पैसा सुटण्याची शक्यता अधिक.

राज्य सरकारने पठारावरील विखुरलेल्या मालकांना एकत्र बसवून यंत्रबदलाचे वेळापत्रक ठरवावे आणि पाती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी अट निविदेतच घालावी.

– एक वाचक, सातारा