वेदनेचा रोजमेळ

जुळे सोलापुरातील एखाद्या सुखवस्तू घरातील गृहिणी लग्नसमारंभ टाळू लागते, पुण्याचा प्रवास नको म्हणते, रात्री चार-पाच वेळा उठते. मूत्राशय भरू लागले की ओटीपोटात कळ येते. लघवी झाली की थोडा वेळ उतार पडतो. तपासणीत जंतू सापडत नाहीत, तरी प्रतिजैविके चालूच राहतात. अखेरीस ‘हे मनाचे खेळ’ असा निवाडा घरातच होतो.

हा निवाडा अन्यायाचा आहे. मूत्राशयाची दीर्घकालीन वेदना हा खरा विकार आहे. जंतुसंसर्ग, मुतखडा, कर्करोग ही कारणे वगळून मूत्ररोगतज्ज्ञ त्याचे निदान करतात.

अमेरिका व कॅनडातील २७१ रुग्णांवरील एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटास ॲमिट्रिप्टिलीन, दुसऱ्यास तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. पाणी, आहार व लघवीच्या सवयींचे शिक्षण मात्र दोघांनाही. १२ आठवड्यांनंतर औषधाच्या गटात ५५ टक्के, तर दुसऱ्या गटात ४५ टक्के रुग्णांना चांगली सुधारणा जाणवली. हा फरक निर्णायक ठरला नाही. मात्र ज्यांना ५० मिलिग्रॅम वा अधिक मात्रा सोसली, त्यांच्यात हे प्रमाण ६६ टक्के होते.

हे औषध मूळचे नैराश्यावरचे. येथे ते मज्जातंतूंची वेदना शमविण्यासाठी देतात. नाव वाचून घरच्यांनी ते बंद करू नये. झोप येणे, तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ हे त्रास संभवतात, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू वाढवावी. ते बहुधा रात्री घेतात. चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीची वेळ चालेल का, हे आधीच विचारून घ्यावे.

उरलेले काम घरचे. ज्या पेढीवर रोजमेळ लिहिल्याविना दिवस मिटत नाही, त्या घराला ही नोंद जड नाही: किती वाजता किती पाणी, काय खाल्ले, लघवी केव्हा, कळ किती. चहा, कॉफी, लिंबू, टोमॅटो, तिखट यांपैकी काय बाधते, हे प्रत्येकाचे निराळे असते; एकेक पदार्थ सोडून पाहिल्यास ते उमगते. पाणी दिवसभर विभागून प्यावे. फार कमी प्यायल्यास लघवी तीव्र होऊन जळजळ वाढू शकते. दोन वेळांमधील अंतर सोसेल तसे थोडे थोडे वाढवावे. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

रोजमेळात पहिली नोंद मात्र कुटुंबीयांनी करावी: तिचे दुखणे खरे आहे.