तपासणी येणार म्हणे!

जामसांवलीच्या मारुतीला शनिवारी-मंगळवारी जाणाऱ्या आपल्या मंडळींना नव्याने सांगायला नको, की २४ ऑगस्ट २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तेथे हनुमान लोकाचे भूमिपूजन केले. सरकारने खर्चाचा आकडा ३१४ कोटी सांगितला. त्याच दिवशी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणाही झाली. पुढे विधानसभेची निवडणूक आली, तीत छिंदवाड्याच्या सातही जागा काँग्रेसने घेतल्या; सहा महिन्यांनी लोकसभा भाजपने घेतली. दोघेही आपल्या दारी येऊन गेले. पण आज आम्हाला कोणाच्याच झेंड्याविषयी लिहायचे नाही. लिहायचे आहे ते ठेक्याच्या कागदांविषयी.

नवा जिल्हा म्हटला की नवी कार्यालये, इमारती, रस्ते आणि त्या सर्वांचे ठेके आलेच. आपल्या जुन्या घरांतील पोरे आता संत्र्याच्या बगिच्यावर भागत नाही म्हणून या कामांत उतरली आहेत. कोणी गिट्टी-वाळू पुरवतो, कोणी सेंटरिंग करतो, कोणी मजूर देतो. मोठा ठेकेदार बाहेरचा असतो, त्याच्या हाताखाली आमची पोरे. आणि बहुतेक व्यवहार तोंडी. 'भाऊ, कागदाचं काय करतं, माणूस ओळखीचा आहे,' हे वाक्य आम्ही काउंटरवर बसून इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे हसूही येत नाही.

अशाच एका पोराची गोष्ट. नाव सांगत नाही, घर आपल्यातलेच. एका सरकारी इमारतीवर त्याने मजूर पुरवण्याचे काम घेतले. दर पंधरवड्याला खात्यातून रोख काढायचा आणि शनिवारी बाजाराच्या दिवशी मजुरांना वाटायचा. सही-अंगठा कोठेच नाही. कराराच्या अटी पाळल्या की नाहीत याची तपासणी होणार असे कळले, तसा मूळ ठेकेदाराने त्याला आठ दिवसांत मजुरीचे रजिस्टर, भविष्य निर्वाह निधीची चलने आणि मजुरांचे खाते क्रमांक मागितले. तो पिशवी घेऊन बँकेत आला. आम्ही त्याला दोन वर्षांचा खाते उतारा काढून दिला. त्यात पैसे काढल्याचे दिसत होते, कोणाला दिले ते दिसत नव्हते. त्याचे बिल अडकले, अजूनही अडकलेलेच आहे. मजुरांचे शेवटचे पैसे द्यायला त्याने आईची पोत गहाण टाकली. ते सोने तारण कर्जाचे कागद आम्हीच भरले.

पोराची चूक नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. पण मजुरांनी काय केले होते? बांधकाम मजुराला कल्याण मंडळात नाव नोंदवायचे तर मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे दाखवावे लागते. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर उपकर बसवला तो याच मजुरांसाठी. हजेरीच लिहिली नाही तर ते ९० दिवस कोठून आणायचे? उद्या त्यातला एखादा माणूस वरून पडला तर त्याच्या बायकोच्या हाती पदरचा एक चिटोराही नसेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि ठेका मजुरीचा १९७० चा जुना कायदा त्यांत विलीन झाला. त्यावर वाद पुष्कळ आहेत, त्यात येथे शिरत नाही. आपल्या पोरांनी दोन-तीन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्या. मजुराला नेमणूकपत्र द्यायचे. महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यायची. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ काम देणाऱ्याकडून मागता येते, हे तत्त्व जुन्या कायद्यात होते आणि आताही आहे. पण मागणाऱ्याजवळ हजेरी हवी.

आपल्याकडे तपासणीची तयारी कशी होते ते सर्वांना माहीत आहे. आठ दिवस आधी नवी रजिस्टरे येतात, एकाच हाताने, एकाच शाईने वर्षभराची हजेरी लिहिली जाते, आवारात चुना टाकतात. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो तसेच हे. फरक इतकाच की बैलाचा मालक आदल्या दिवशी खांदेमळणी तरी करतो, आणि वर्षभर त्याला चाराही घालतो. तपासणारेही बहुधा रजिस्टरच पाहतात. पाने भरलेली दिसली की काम भरलेले धरतात.

कागद नीट आणि काम भलतेच, याची किंमत आपण पाहिली आहे. उज्जैनच्या महाकाल लोकाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २८ मे २०२३ च्या वादळात सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा पडल्या. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला; नऊ महिनेही झाले नव्हते. मराठी माणसाला ते दृश्य विसरता येणार नाही. या दोन्ही कामांत मापे लिहिली गेली असतील, सह्या झाल्या असतील, बिले निघाली असतील. जामसांवलीच्या कामात काही खोट आहे असे आमचे म्हणणे नाही, तसा आमच्याजवळ पुरावाही नाही. आपल्या पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दारी असा दिवस येऊ नये, एवढेच.

आता थोडे आमच्या धंद्याचे. ठेकेदार सरकारला बँक हमी देतो. काम बिघडले किंवा अर्धवट सोडले तर सरकारने त्या हमीचे पैसे बँकेकडून घ्यावेत, अशी व्यवस्था. हमीपत्रावर दोन तारखा असतात, एक हमी संपण्याची आणि दुसरी मागणी करण्याची शेवटची. ही दुसरी तारीख उलटून गेली की हमीपत्र रद्दीच्या भावाचे. तपासणी त्यानंतर आली तर ती दोष शोधील, पण पैसा शोधणार नाही. आणि हमीपत्र खरे आहे की नाही हेही पाहावे लागते. आपल्याच राज्यात जल निगमाच्या सुमारे ९७४ कोटींच्या कामांसाठी एका कंपनीने दिलेल्या १८३ कोटींच्या आठ बँक हमी बनावट निघाल्याचे सीबीआयने जून २०२५ मध्ये जाहीर केले. खात्याने पडताळणी केली नव्हती असे नाही. बँकेच्या अधिकृत पत्त्यासारख्या दिसणाऱ्या ई-मेलवरून 'होय, हमी आमचीच' असे उत्तर आले, आणि ते धरले गेले. म्हणजे पडताळणीचा कागदसुद्धा फायलीत व्यवस्थित लागलेला होता! बनावट शिक्के आम्हीही पाहिले आहेत. पण इतकी सफाई पाहून आम्हालाही कौतुक वाटले, हे कबूल करावे लागेल.

म्हणून तपासणीची तयारी केवळ ठेकेदाराने आणि खात्याने करायची, ही समजूत आपण सोडली पाहिजे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनवाया घेतल्या. हजेरीपट चौकात मोठ्याने वाचला, की ज्याचे नाव लिहिले तो माणूस उभा राहून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. त्या चळवळीतून पुढे २००५ चा माहितीचा अधिकार आला. त्या कायद्याच्या कलम २ (ञ) मध्ये केवळ कागदाची नक्कल नाही. कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे, टिपणे घेणे आणि साहित्याचा प्रमाणित नमुना मागणे हेही लिहिले आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ठेकेदार 'व्यापारी गुपित' म्हणून आडवा येईल, पण सार्वजनिक पैशाने केलेल्या कामाची माप पुस्तिका हे गुपित कसे, हे त्याला अपिलात सांगावे लागेल.

आपल्यातले काही ज्येष्ठ म्हणतात, आपण येथे मूठभर, १९५६ मध्ये विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो, कशाला सरकारशी वाकडे घ्यायचे? त्यांचा आदर राखून आम्ही एवढेच विचारतो, की नक्कल मागणे हे वाकडे कधीपासून झाले? अर्ज हिंदीत लिहावा लागेल, तो आम्ही लिहून देऊ. माप पुस्तिका, बँक हमीच्या तारखा, दोषदायित्वाचा काळ, मजुरांची हजेरी, इतके पहिल्या अर्जात मागावे असे आम्हास वाटते. हजेरी आली म्हणजे ती मारुतीच्या आवारात वाचावी, मजुरांना बोलावून.

आणि हाताखालच्या ठेक्यात असलेल्या पोरांनी या पोळ्याच्या आत आपापल्या हजेरीच्या वह्या, जशा असतील तशा, फाटक्या असल्या तरी, मंडळाकडे आणून दाखवाव्यात. नवी वही करून आणू नये. शाईवरून आम्हाला कळते.