पाणी चढावर उकळते, हिशेब सपाटीवर चुकतो



वैशाखात भरल्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर चढावर उकळला की सगळे ड्रायव्हरवर तुटून पडतात. मालक म्हणतो, याला चालवता येत नाही. मिस्त्री म्हणतो, पाणी बघितले नाही. विक्रेता म्हणतो, ओझे जादा भरले. चढावर बिचारा ड्रायव्हर एकटाच असतो, म्हणून दोष त्याच्या माथी मारणे सोपे जाते. माझे म्हणणे असे की ही चूक चढावर होतच नाही. ती सपाटीवर, ट्रॉली भरताना आणि भाडे ठरवताना होते.

पालघर जिल्ह्याचे उदाहरण घ्या. बोईसर-तारापूर समुद्राला लागून आहे. जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर. महामार्ग ओलांडून विक्रमगडमार्गे जव्हारला माल न्यायचा तर ही सगळी उंची चढावी लागते. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून आठ टन धरा. हे आठ टन चारशे मीटर नुसते वर उचलायला अडीच लिटरहून अधिक डिझेल जळते. रस्त्याच्या घर्षणाला लागते ते वेगळे. डिझेलच्या उष्णतेचे ढोबळ तीन वाटे होतात. एक चाकाला मिळतो, एक धुराड्यातून जातो आणि उरलेल्यातला बराचसा इंजिनाभोवतीच्या पाण्यात उतरतो. त्या पाण्यात उतरलेल्या उष्णतेने ऐंशी ते शंभर लिटर पाणी उकळीला येईल. रेडिएटरमध्ये पाणी असते आठ-दहा लिटर! ते उकळत नाही, कारण पंखा ती उष्णता सतत हवेत फेकत असतो. पंखा कमी पडला की खेळ संपला.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तिथेही नियम हाच. भट्टीतल्या उष्णतेतल्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते, बाकीची थंड करायला समुद्राचे पाणी लागते. म्हणून ते केंद्र किनाऱ्यावर बांधले. सरकारी केंद्राच्या दिमतीला अरबी समुद्र आहे. आपल्या ट्रॅक्टरला एक पंखा आणि एक पट्टा.

कोणी म्हणेल, आम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले, आमची जमीन सपाट. आम्हाला घाटाचे काय? तर ऐका. रेडिएटर किती उष्णता फेकतो हे त्याच्यातले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि पालघरची हवा ३५ अंशांवर, तर फरक ६०. अकोला-जळगावकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की फरक उरतो ५०. म्हणजे तोच रेडिएटर सहावा हिस्सा कमी काम करतो. किनाऱ्यावरच्या दमट हवेत माणसाचा घाम वाळत नाही, पण रेडिएटरला घाम येत नाही. त्याला फक्त हवेचा ताप कळतो.

आणि चढ आपल्याकडेही आहे. २०१७ पासून गाळमुक्त धरण योजनेत तलावातला गाळ शेतात नेणे वाढले. हे काम उन्हाळ्यातच होते. एक ब्रास ओला गाळ साडेचार-पाच टन भरतो. सपाट डांबरी रस्त्यावर आठ टनांना साधारण दोनशे किलोची ओढ लागते. वीस फुटांना एक फूट अशा चढावर त्यात चारशे किलोची भर पडते. ओढ तिप्पट झाली. तलावातून वर येणारी वाट तर याहून खडी आणि भुसभुशीत असते.

मग करायचे काय? चढ लागण्याआधीच खालचा गिअर टाका. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुसमटत ओढले की फेरे पडतात आणि हवा लागते तेव्हाच कमी मिळते. कापसाचे तंतू आणि कडब्याचे भुसकट रेडिएटरच्या जाळीत बसते, ते रोज झाडा. क्षाराचे विहिरीचे पाणी घालू नका. आत खडूसारखा थर चढतो. कूलंट आणि झाकण दोन्ही चांगले ठेवा. झाकणाचा दाब टिकला तर पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला ऐकू नका, त्याने इंजिन थंड चालून झिजते.

काटा लाल पट्ट्यात गेलाच तर सपाट जागा बघून थांबा, चाकांना दगड लावा. पट्टा शाबूत आणि पाणी शिल्लक असेल तर इंजिन ओझ्याविना थोडा वेळ हलके चालू द्या. पट्टा तुटला असेल किंवा पाणी संपले असेल तर ताबडतोब बंद करा. झाकण गरम असताना उघडू नका, तोंड भाजते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आणि उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. ट्रॉलीवर माणसे बसवू नका. इंजिन पुन्हा बांधता येते, माणूस नाही.

हे सगळे बहुतेकांना ठाऊक असते. तरी ट्रॉली गच्च का भरते? कारण भाडे खेपेवर ठरते. तीन खेपांचा माल दोन खेपांत नेला की एका खेपेचे डिझेल वाचल्यासारखे वाटते. हेड गास्केट, रिंगा, पिस्टन यांचा खर्च मात्र पुढच्या वर्षी येतो, आणि तो 'दुरुस्ती' या खात्यात जातो, वाहतुकीच्या खात्यात नाही. वाचवलेले डिझेल दिसते, झिजलेले इंजिन दिसत नाही. ज्याचा खर्च मांडला नाही ती वस्तू शेतकरी फुकट देतो, हे पिकाला खरे आहे तसे ट्रॉलीलाही.

म्हणून जिल्हा मेळाव्यात दोन गोष्टी ठरवाव्या. पहिली, भाडे टनावर आणि चढ धरून ठरवायचे, झीज त्यात मोजायची. दुसरी, ट्रॅक्टर घेताना बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागायचा. तिथे तापल्या हवेतही इंजिन तपासतात. तो अहवाल मराठीत दुकानात ठेवा, आणि मे महिन्यात चढावर किती टन ओढावे तो आकडा लिहून द्या, असे विक्रेत्याला सांगायचे. लाखोंचे कर्ज काढून घेणाऱ्याला एवढे विचारण्याचा हक्क आहे. आकडा देणार नसेल, तर उकळल्यावर ड्रायव्हरकडे बोट दाखवण्याचा हक्कही त्याला नाही.