दोष सुईचा, गोंदणाचा नव्हे

गोंदण म्हटलं की आम्हा डॉक्टरांना आधी सुई आठवते आणि पाठोपाठ कावीळ. ही भीती खरी आहे. पण सुईचा दोष गोंदणाच्या माथी मारू नये, असं माझं मत आहे. इनुइट लोकांचं उदाहरण घ्या.

कॅनडा आणि ग्रीनलंडच्या बर्फाळ प्रदेशातल्या इनुइट स्त्रिया हनुवटीवर, कपाळावर, हातांवर रेषा गोंदवून घेत. दिव्याच्या काजळीत बुडवलेला, प्राण्याच्या कंडरेपासून काढलेला दोरा सुईत ओवून त्वचेखालून टाक्यासारखा ओढायचा, ही त्यांची एक पद्धत. गोंदणाऱ्याही बहुधा जाणत्या बायकाच. मुलगी वयात आली, कामाला तयार झाली, याची ती खूण असे.

काजळी पुसली का जात नाही? आपल्या त्वचेतल्या भक्षक पेशी तिचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मेली की तेच कण दुसरी पेशी गिळते, असं उंदरांवरच्या संशोधनात दिसलं आहे. ग्रीनलंडमध्ये किलाकित्सोक इथे १९७२ साली सापडलेल्या, सुमारे १४७५ सालच्या मृतदेहांमध्ये सहापैकी पाच प्रौढ स्त्रियांच्या चेहऱ्यांवर गोंदण होतं. पाचशे वर्षांनीही ते टिकून होतं!

ही प्रथा विसाव्या शतकात जवळजवळ संपली. मिशनऱ्यांनी ती पापाची आणि लाजेची ठरवली, हे त्याचं मोठं कारण. तिथे प्रश्न जंतुसंसर्गाचा नव्हता. आता अनेक इनुइट तरुणी ती पुन्हा आपलीशी करत आहेत. २०१६ साली कॅनडातल्या कुगलुकटुक गावात होवाक जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना पारंपरिक पद्धतीने गोंदलं गेलं.

डॉक्टरांनी अशा वेळी काय सांगावं? ‘गोंदू नका’ एवढंच सांगितलं, तर माणूस आपल्याला न विचारता गोंदवून येतो. त्यापेक्षा नेमकं सांगावं. तुम्हीही गोंदवणार असाल तर सुई नवी, तुमच्यासमोर उघडलेली हवी. शाईची वाटीही दुसऱ्यासोबत वाटून घेऊ नका. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही दूषित सुईतून पसरू शकतात. यांपैकी बी वर लस आहे. ती आधी पूर्ण करा. नंतर लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तर लगेच दाखवा.

आणि गोंदलेली आजी दवाखान्यात आली, तर तिला नावं ठेवू नका. आम्ही डॉक्टरांनी तर मुळीच नाही.